ओसरीतलं चाक

माझा आवाज तुमच्यातल्या बऱ्याच जणींना हप्त्यांच्या आणि व्याजाच्या गोष्टींमुळे ओळखीचा आहे. आज मात्र एका चित्राबद्दल बोलणार आहे. हिशेब मध्ये येईलच, तो काही माझा पिच्छा सोडत नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या चार गटांच्या बायका मिळून अजिंठ्याला गेलो. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी लावली आणि तिथून बसने लेण्यांपर्यंत. लेणं क्रमांक १७ च्या ओसरीत डाव्या टोकाला, भिंतीवर एका मोठ्या चाकाचा तुकडा रंगवलेला आहे. पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं काम. बराच रंग झडून गेलाय. आमच्यातल्या एका काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "हे आपलं धम्मचक्र." मीसुद्धा मान हलवली. माझा बीएला इतिहास होता, तरी हलवली!

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, ते धम्मचक्र नव्हे, भवचक्र. चुकणारी मी पहिली नाही म्हणा. इंग्रजांच्या काळात त्याला राशीचक्र समजले होते, आणि त्यावरून त्या लेण्याला तसं नावही पडलं होतं. झेंड्यावरचं चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र आपण जाणतो. आठ आऱ्यांचं धम्मचक्र म्हणजे बुद्धांची शिकवण. भवचक्र वेगळं. माणूस कशात आणि कसा गुरफटत जातो, ते त्यात काढलेलं असतं.

हे चाक दाराशी का काढायचं, याची गोष्ट 'दिव्यावदान' नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे. बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन वेगवेगळ्या लोकांमधली सुखदुःखं पाहून येत आणि माणसांना समजावून सांगत. ऐकायला गर्दी व्हायची. पण एक माणूस किती ठिकाणी पुरणार? म्हणून बुद्धांनी सांगितलं, विहाराच्या दारात चाक रंगवा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगायला एका भिक्खूला तिथे नेमा. मला हा नेमलेला भिक्खू फार आवडला. नुसतं चित्र लावून भागत नाही, सांगणारं माणूस लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे पासबुक हातात देतात आणि निघून जातात.

लडाख, सिक्कीमकडच्या गोंपांत आजही दाराशी हे चित्र असतं, तिबेटी पद्धतीचं. एका अक्राळविक्राळ आकृतीने चाक दातांत आणि हातापायांत धरलेलं असतं. ती म्हणजे मरण, काहीच टिकत नाही ही गोष्ट. मधल्या गोलात तीन प्राणी: कोंबडा म्हणजे हाव, साप म्हणजे द्वेष, डुक्कर म्हणजे अज्ञान. (जुन्या ग्रंथात कोंबड्याच्या जागी पारवा आहे.) त्याभोवती देव, माणसं, जनावरं, नरक असे भाग. एका भागात प्रेतं असतात, पोट रांजणाएवढं आणि गळा सुईएवढा. कितीही गिळलं तरी पोट भरत नाही. कडेला बारा छोटी चित्रं असतात, त्यांच्याकडे येते. आणि बुद्ध कुठे? चाकाच्या बाहेर उभे.

आता माझ्या गटातली गोष्ट. नाव सांगत नाही, तिला विचारूनच बोलते आहे. आमच्या एका ताईने गटाबाहेर दोन ठिकाणांहून आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलं होतं. पहिल्याचे हप्ते थकले म्हणून दुसरं. दुसऱ्याचे थकले, तेव्हा तिसऱ्याचा फॉर्म घेऊन ती माझ्याकडे आली, आणि तो मी भरून दिला. मीच. घाईत होते, आकडे नीट विचारले नाहीत. चार महिन्यांनी ती बैठकीत रडली आणि म्हणाली, "माझं मागच्या जन्माचं काहीतरी देणं असणार, ते फेडते आहे." दोघीतिघींनी माना हलवल्या.

तिथे मात्र अजिंठ्याला हात जोडणाऱ्या काकू तडकल्या. म्हणाल्या, "बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच बाहेर काढलं ना?" त्यांचं बरोबर होतं. १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माचा हिशेब या जन्मातल्या माणसाच्या माथी मारणं नाकारलं आहे. तसं मानलं, की गरिबाचं दुःख ही त्याचीच चूक ठरते आणि बाकीचे मोकळे. तिबेटी परंपरेत हे चाक जन्मोजन्मीचं मानतात, ती त्यांची श्रद्धा आहे. मी ते या जन्मापुरतं वाचते.

तर ती बारा चित्रं. आंधळा माणूस, मडकी घडवणारा कुंभार, माकड, नाव, खिडक्यांचं घर, जोडपं. मग डोळ्यात बाण घुसलेला माणूस, ही वेदना. त्याच्यापुढे पिणारा माणूस, ही तृष्णा. त्यानंतर फळ तोडणारा, म्हणजे घट्ट धरून ठेवणं. पुढे गरोदर बाई, बाळंतपण, आणि शेवटी प्रेत वाहून नेणारा. एकामुळे दुसरं घडतं. मी बैठकीत विचारलं, "ताई, तिसरं कर्ज घेतलंस त्या दिवशी काय झालं होतं?" ती म्हणाली, "वसुलीवाला दारात उभा होता. शेजारणी बघत होत्या. तो फक्त दारातून जावा, एवढंच मनात होतं." बाण आणि पिणं यांच्यामधली जागा ती हीच. तिथे तिच्याबरोबर कोणीतरी बसायला हवं होतं, आणि मी फॉर्म भरत होते.

मग आम्ही चार्टपेपरवर एक गोल काढला. कोणत्या वारी कोणाचा हप्ता, पैसा आला कुठून, गेला कुठे, सगळं बाणांनी दाखवलं. तिसऱ्या कर्जाची जवळजवळ सगळी रक्कम पहिल्या दोघांकडे गेली होती, तिच्या हातात साडीपुरतंही राहिलं नव्हतं. ती कागदाकडे बघतच राहिली. म्हणाली, "म्हणजे मी गोल फिरत होते." गटाने ठराव केला आणि अंतर्गत कर्जातून, महिना शेकडा एक रुपया व्याजाने, तिचं सगळ्यात महाग खातं बंद केलं. दोन अजून चालू आहेत. वसुलीच्या दिवशी आता गटातली एक जण तिच्या ओसरीत बसून असते. गेल्या मंगळवारी माझी पाळी होती.

हा कागद आता प्रत्येक गटात काढणार आहोत. येत्या बैठकीला घरातली सगळी पासबुकं आणि हप्त्याची कार्डं घेऊन या, नवऱ्याच्या नावावरचीसुद्धा. चार्टपेपर मी आणते.