यंत्राच्या पोटातील शत्रू

शत्रू सीमेवरूनच येतो असे नाही. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र दल समितीने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात संशयास्पद नकली इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे 1,800 प्रकरणे नोंदली आहेत. भागांची संख्या दहा लाखांवर. मुख्य उगम अर्थातच चीन! सी-130जे विमानांच्या दर्शक-पडद्यांतही अशा मेमरी चिप निघाल्या. याच जातीची विमाने 2011 पासून भारतीय वायुदलातही आहेत.

ही नक्कल होते कशी? भंगारातील सर्किट बोर्ड तापवून चिप उपटायच्या, नदीत धुऊन पदपथावर वाळवायच्या, जुना क्रमांक घासून काढायचा आणि काळा लेप देऊन नवी तारीख छापायची. अशी चिप पहिल्या चाचणीत अनेकदा उत्तीर्णही होते! घात होतो तो पुढे, आकाशातील थंडीत, कंपनात.

दोष एकट्या नकलाकाराचा नव्हे. विमान तीस-तीस वर्षे उडते, चिपचे उत्पादन मात्र थोड्याच वर्षांत थांबते. मग खरेदी अधिकारी दलालाचे दार ठोठावतो. म्हणून हा भाग उद्या कोठून मिळेल, हा प्रश्न आराखडा रेखतानाच अभियंत्याने विचारावयास हवा. मोहालीत इस्रोसाठी चिप घडतात, हे भूषणावहच. परंतु ‘स्वदेशी’ पाटी मिरविणाऱ्या कित्येक उपकरणांच्या पोटात आजही परदेशी चिपच असते, आणि तिच्यावरील छाप ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून पाहण्याचे कष्टही सर्वच कारखाने घेत नाहीत.