घराची निरवानिरव

मृत्युपत्राचा विषय निघाला की घरात एकदम शांतता पसरते. आपली ख्रिस्ती घरंही याला अपवाद नाहीत. माझ्या अंत्यविधीला अमुक गीत म्हणा, असं सांगून ठेवणारे आजोबा मी पाहिले आहेत. राहतं घर कुणाला द्यायचं, हे मात्र ते बोलत नाहीत.

'माझ्यामागे सगळं बायकोचंच की,' असं वकिलीच्या कामात मी अनेक नवऱ्यांकडून ऐकते. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश मिळतो आणि दोन तृतीयांश मुलांना. मुलगा-मुलगी समान, ही त्यातली चांगली गोष्ट. समजा, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. घराचे नऊ भाग धरले तर आईला तीन आणि तिघांना दोन-दोन. पण दोन खोल्यांचे नऊ भाग पाडायचे कसे? एकाने वाटणी मागितली की घर विकायची पाळी येते, आणि जिने काटकसर करून ते उभं केलं तिलाच म्हातारपणी बिऱ्हाड शोधावं लागतं. 'घर पत्नीच्या हयातीपर्यंत तिच्याकडे, नंतर मुलांना सारखं,' एवढं लिहून रीतसर सही केलेली असली तर हे टळतं.

मूलबाळ नसलेला मुलगा वारला आणि त्याचे वडील हयात असले, तर निम्मं पत्नीला, निम्मं वडिलांना. आईला काही नाही! मुलगा वडिलांच्या आधी गेला असेल, तर सासऱ्याच्या मिळकतीत नातवंडांना वाटा आहे, विधवा सुनेला नाही.

लिहिताना शेजाऱ्याचं मृत्युपत्र पाहून उतरवू नका. हिंदू माणसाच्या लग्नाने त्याचं मृत्युपत्र रद्द होत नाही, आपलं होतं. विधुराने मुलांसाठी लिहून ठेवलं आणि तो पुन्हा वेदीपुढे उभा राहिला, की तो कागद संपला. नवा करावा लागतो. साक्षीदार दोन हवेत, तेही लाभाबाहेरचे. मुलीला घर द्यायचं आणि साक्षीला जावयाची सही घ्यायची, असं केलं तर मृत्युपत्र टिकेल, मुलीचं घर मात्र जाईल.

चर्चला किंवा अनाथालयाला काही द्यायचं असेल, तर आता मोकळीक आहे. पूर्वी पुतण्या-भाच्यापर्यंतचं जवळचं नातेवाईक असेल, तर असं मृत्युपत्र मरणाआधी किमान बारा महिने करून सहा महिन्यांच्या आत सरकारदरबारी जमा करावं लागे. केरळचे धर्मगुरू जॉन वल्लामट्टम यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही आधी घरच्यांची सोय पाहावी, असं माझं मत. गोव्यात कायदाच वेगळा. तिथे मुलं असताना साधारणपणे निम्म्याच मिळकतीची इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावता येते.

मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद चालतो. फक्त मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो उघडण्यासाठीच घरच्यांना कागदपत्रं गोळा करत फिरावं लागतं.