ज्याला सलामी मिळाली नाही, त्याच्यासाठी

(गावातल्या वाचनालयात झालेल्या स्मरणसभेतलं माझं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.)



मी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं नाव पुकारल्यावर बऱ्याच जणांना वाटलं असेल, हा सीमाप्रश्नावर बोलणार. आज तो विषय बाजूला ठेवतो. आज मला एका १९ वर्षांच्या पोराची आठवण काढायची आहे. तो आपल्या भागातला नव्हता. पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातला, एका खेड्यातला. अग्निवीर म्हणून सैन्यात गेला होता.

११ ऑक्टोबर २०२३ रोजी जम्मू-काश्मीरमधल्या राजौरी भागात पहाऱ्यावर असताना तो गेला. त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं, असं लष्कराने जाहीर केलं. पार्थिव खाजगी रुग्णवाहिकेतून गावी आलं. लष्कराची सलामी झाली नाही. सलामी दिली ती पंजाब पोलिसांनी.

मग देशभर वाद पेटला. विरोधक म्हणाले, अग्निवीर होता म्हणून मान नाकारला. लष्कराने उत्तर दिलं की तसं काही नाही, १९६७ च्या आदेशानुसार अशा मृत्यूला लष्करी इतमाम देत नाहीत. मग तो अग्निवीर असो नाहीतर कायमचा जवान, नियम सगळ्यांना सारखाच. त्याच निवेदनात एक आकडा होता. २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जवान अशा प्रकारे गेले.

वाद तिथे थंडावला. मला वाटतं, खरा प्रश्न तिथूनच सुरू व्हायला पाहिजे होता. भेदभाव झाला की नाही यावर सगळे भांडले. पण शंभर धरले तरी बावीस वर्षांत दोन हजारांच्या वर पोरं गेली, ती सगळी सलामीशिवाय गेली, यावर कोण बोललं? ती कोणत्या गावची होती, त्यांचे फोटो कुठे लावलेत, आपल्याला माहीत नाही.

आता हे आपल्या गावात कशाला सांगतोय? तर माझा धाकटा भाऊ भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला बूट घालून बाहेर पडतो. १६०० मीटर पळायचं, बीम मारायचे, खड्डा मारायचा. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्याच्याबरोबर असतात. बेळगावात मराठा सेंटर आहे, त्यामुळे वर्दी आपल्याला लांबची नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं ब्रीद सगळ्यांना पाठ आहे: कर्तव्य, मान, साहस. माझं आजचं बोलणं यातल्या मधल्या शब्दाबद्दल आहे.

जवान लढताना गेला की आपण वेशीपासून बॅनर लावतो. शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहतात, 'अमर रहे' म्हणताना घसा बसतो. ते झालंच पाहिजे. पण जवान असा गेला की काय होतं? बॅनर नाही. पारावर कुजबुज चालते, घरचं काहीतरी असेल, पोरीचं काहीतरी असेल. आई-बाप मातीला आलेल्या माणसांच्या नजरेला नजर देत नाहीत. पोरगा गेला ते दुःख असतंच, वर लाज आपण देतो. लष्कराचा आदेश १९६७ चा आहे, पण पारावरची कुजबुज आपली स्वतःची आहे.

इथे माजी सैनिक बसलेत. त्यांच्यापैकी एका काकांशी मी आधी बोललो. ते म्हणाले, "बाळा, सलामी ही शिस्तीची गोष्ट आहे. सगळ्यांना एकच मान दिला तर चुकीचा अर्थ निघेल." त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कसं गेला याचा गौरव करू नये, हे मलाही मान्य आहे. पण त्याने जितके दिवस पहारा दिला, ते दिवस शेवटच्या एका क्षणाने पुसून जातात का? थंडीत, रात्री, घरापासून लांब तो उभा होता, हे खरंच आहे ना?

अमेरिकेतही असंच होतं. आत्महत्या केलेल्या सैनिकाच्या घरी राष्ट्राध्यक्षांचं सांत्वनपत्र जात नसे. ज्यांची मुलं गेली त्या आई-बापांनी पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये ओबामांनी, निदान युद्धभूमीवर गेलेल्यांपुरती, ही पद्धत बदलली. ही माणसं दुबळी होती म्हणून गेली नाहीत, असं त्यांनी तेव्हा सांगितलं.

आपल्याकडेही कायदा बदललाय. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. पण १९५० च्या लष्कर कायद्यात हाच प्रयत्न गुन्ह्यांच्या यादीत आहे. ज्या पोराला रात्र रात्र झोप लागत नाही, तो हे कुणाजवळ बोलणार? म्हणून १९६७ च्या आदेशाचा फेरविचार व्हावा, अशी मागणी आपण सनदशीर मार्गाने, आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत केली पाहिजे.

आदेश बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या हातातलं आज करूया. जवान सुट्टीवर आला की आपण काय विचारतो? कॅन्टीनचं काय आणलंस, कुठली बंदूक चालवतोस. यावेळी चहा देताना विचारा, झोप लागते का रे? तिकडे मनातलं बोलायला कोण आहे का? आणि तो बोलायला लागला तर "मर्द आहेस की नाही" म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात जवानांसाठी त्याचा वेगळा कक्षही सुरू झालाय. वाचनालयाच्या फळ्यावर मी नंबर लिहून ठेवलाय. पुसू नका.

काल रात्री भावाला मी एवढंच सांगितलं, "भरती हो, आम्हाला अभिमान आहे. पण नाही जमलं तर परत ये. दार उघडं आहे, आणि कोण काय म्हणेल ते मी बघतो." तो हसला, म्हणाला, "दादा, अजून पळायचंच जमत नाही, तू कुठं पोचलास!" आज पहाटे परत साडेचारला गेला.

मित्रांनो, मानसाच्या त्या पोरासाठी आणि ज्यांची नावं आपल्यापर्यंत आलीच नाहीत त्या सगळ्यांसाठी आपण दोन मिनिटं उभे राहूया. याला कुणाच्या आदेशाची गरज नाही.