मागून येणाऱ्यास वाट



आजचा विषय मोठ्या महामार्गांचा नाही. जेथे मध्ये दुभाजक आहे आणि जाण्यायेण्यास स्वतंत्र मार्ग आहेत, तेथे मागच्याने पुढे कसे जावे हा प्रश्न रस्ता बांधणाऱ्यानेच बराचसा सोडविलेला असतो. मला बोलावयाचे आहे ते आपल्या भागातील अरुंद सडकांविषयी. बेळगावाहून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरून साखळीस जाणारा रस्ता, आंबोलीवरून सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता, आणि निपाणी, हुक्केरी, चंदगड या भागांत उसाच्या फडांमधून गावोगाव पोहोचणारे रस्ते आपणांपैकी पुष्कळांच्या नित्य परिचयाचे आहेत.

गावाकडच्या एकेरी रस्त्याची डांबरी पट्टी सामान्यतः पावणेचार मीटर रुंद धरतात. मालमोटारीची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत असू शकते. तेव्हा अशा दोन मोटारी शेजारी शेजारी आल्या की त्यांतील एकीने तरी डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावयास हवे, हे गणित शाळकरी मुलासही सुटेल. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर दोघी कशाबशा मावतात. पण मावतात इतकेच. म्हणून येथे एकाने दुसऱ्यास वाट दिल्याशिवाय दळणवळण चालूच शकत नाही.

आणि नेमके तेच आपल्या जिवावर येते. मागची मोटार पुढे निघून गेली, म्हणजे जणू आपले काहीतरी गेले, असे पुष्कळांस वाटते. दोष काही अंशी शब्दाचाही असावा. 'मागे टाकणे' या शब्दप्रयोगातच हारजीत आहे. शर्यतीत मागे टाकतात, परीक्षेत मागे टाकतात. याउलट सडकेवरच्या मंडळींनी 'साइड देणे' हा जो धेडगुजरी शब्द रूढ केला आहे, तो मला अधिक समंजस वाटतो. त्यात कोणी हरत नाही. एक मागतो, दुसरा देतो. आपण पालखीस वाट देतो, वरातीस देतो, अंत्ययात्रेस देतो. त्यात आजवर कोणास कमीपणा वाटलेला नाही.

वाट कोणास द्यावी याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात त्याची यादीच दिली आहे. चाकांच्या वाहनातून जाणारा, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव, अशी ती यादी आहे. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आपण टाकून दिल्या आणि ते योग्यच केले. पण या यादीत राजाच्याही आधी रोगी आणि ओझेवाला बसलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मागून भोंगा वाजविणाऱ्या मोटारीत घाई असलेला व्यापारी आहे की प्रसूतीसाठी तालुक्याच्या गावी निघालेली बाई आहे, हे पुढच्या चालकास आरशात दिसत नाही. अपवाद शोधीत बसण्यापेक्षा सर्वांसच वाट द्यावी हे सोपे.

आता यातील धोका कोठे आहे तो पाहू. समजा, एक मालमोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि मागची मोटार ताशी ६० च्या वेगाने तिच्यापुढे जाऊ पाहते. मालमोटारीची लांबी दहा मीटर, मोटारीची चार, मागे आणि पुढे सोडावयाचे अंतर प्रत्येकी तेरा मीटर. म्हणजे मालमोटारीच्या तुलनेत एकूण ४० मीटर अंतर तोडावयाचे. वेगातील फरक ताशी २० किलोमीटरांचा. यास सुमारे सात सेकंद लागतात आणि तेवढ्या काळात आपली मोटार १२० मीटर धावते. समोरून कोणी ६० च्याच वेगाने येत असेल तर तोही १२० मीटर जवळ येतो. म्हणजे २४० मीटर रस्ता मोकळा दिसत असेल तरच हे साहस करावे, आणि तेही अगदी काठावरचे. शहाण्याने याहून पुष्कळ अधिक अंतर धरावे.

आता पुढच्या चालकाचा अभिमान जागा झाला आणि त्याने वेग ४० वरून ५० वर नेला, तर काय होते? फरक ताशी दहाच किलोमीटरांचा उरतो, सात सेकंदांचे चौदा सेकंद होतात आणि २४० मीटरांच्या जागी ४८० मीटर लागतात. मागचा बिचारा निघाला होता तो २४० मीटरांचा हिशेब करून. अर्ध्या वाटेवर, उजव्या बाजूस, समोरून दिवे दिसत असताना त्याला कळते की हिशेब बदलला आहे. याउलट पुढच्याने पाय किंचित सैल सोडून वेग ३० वर आणला तर सारे काम पाच सेकंदांच्या आत, १६० मीटरांत उरकते. ओलांडून जाणारा सर्व धोका पत्करतो असे आपण समजतो. वस्तुतः त्याचा जीव बराचसा पुढच्या चालकाच्या उजव्या पायाखाली असतो.

कायद्याने हे पूर्वीच ओळखले आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली १९८९ साली रस्त्याचे नियम झाले आणि २०१७ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कोणी आपणांस ओलांडून जात असता वेग वाढवू नये, किंवा त्याला अडथळा होईल असे काहीही करू नये, असे बंधन पुढच्या चालकावर आहे. ते किती जणांस ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा. काही देश याही पुढे गेले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, जेथे ओलांडून जाणे सुरक्षित नाही अशा दुपदरी रस्त्यावर, हळू चालणाऱ्याच्या मागे पाच किंवा अधिक वाहने साचली, तर त्याने पहिल्या सोयीच्या जागी बाजूस होऊन त्यांना जाऊ द्यावे, असा कायदाच आहे. आपल्याकडे पाचाची गणना करण्याची गरज नाही. मागे दोन वाहने खोळंबली आणि पुढे एखाद्या फाट्यावर, बसथांब्यापाशी किंवा पेट्रोलपंपासमोर रुंद जागा आली, तर अर्धा मिनिट तेथे घेण्यास काय हरकत आहे?

मात्र वाट देणे आणि बोलावणे यांत अंतर आहे, आणि येथे आपले सौजन्यच कधी घातक ठरते. १९८९ च्या नियमांत मागच्यास पुढे येण्याची खूण दिलेली होती: उजवा हात बाहेर आडवा धरून मागेपुढे अर्धवर्तुळात हलवावा. हात गेला, दिवे आले आणि भाषेचा गोंधळ झाला. कोणी मालमोटारवाला उजवा दिवा लुकलुकवून सांगतो, 'या, उजवीकडून जा.' दुसरा तोच दिवा लावून सांगतो, 'येऊ नका, समोरून गाडी आहे.' आणि तिसऱ्याला खरोखरीच उजवीकडच्या शेतरस्त्यावर वळावयाचे असते! एकाच खुणेचे तीन अर्थ, आणि अर्थ चुकला तर दुरुस्तीस सवड नाही. यास्तव माझे मत असे आहे की पुढच्याने जागा द्यावी, हमी देऊ नये. डावीकडे सरावे, वेग कमी करावा, आणि पुढचा निर्णय मागच्याच्या डोळ्यांवर सोपवावा. मागच्यानेही कोणाच्या दिव्यावर किंवा क्लीनरच्या हातावर विसंबू नये. स्वतःला रस्ता दिसला तरच निघावे. एक मोटार पुढे गेली म्हणून तिच्या शेपटीस धरून दुसरीने जाणे, हा त्याच चुकीचा आणखी एक प्रकार होय. पहिलीला दिसलेला मोकळा रस्ता तिने स्वतःच वापरून संपविलेला असतो.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांचे रूप पालटते. ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही अंगांस बाहेर आलेला ऊस, आणि ताशी पंधरा-वीस किलोमीटरांची संथ चाल. मागे अडकलेला मोटारवाला भोंग्यावर हात ठेवून बसतो. पण तो भोंगा ऐकणार कोण? ट्रॅक्टरच्या यंत्राचा आवाज, त्यावर चालकाने लावलेली गाणी, आणि उसाच्या भिंतीमुळे आरशात मागचे काही दिसण्याची शक्यता नाही. तो आडमुठेपणा करतो आहे असे मानण्यापूर्वी, आपण मागे आहो हे त्याला ठाऊक तरी आहे काय, याचा विचार करावा. मालमोटारींच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे लिहिण्यास महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बंदी घातली. अक्षरे पुष्कळ ठिकाणी राहिलीच, आणि भोंगा वाजविला म्हणजे वाट मागण्याचे कर्तव्य संपले ही समजूतही राहिली.

अशा वेळी उपाय उलटा आहे. ट्रॉलीला चिकटू नये, मागे राहावे. चिकटल्याने उसाखेरीज काही दिसत नाही. तीस-चाळीस मीटर मागे राहिल्यास पुढचा रस्ता दोन्ही बाजूंनी दिसू लागतो, पुढच्या चालकालाही वळणावर आपण दिसतो, आणि वरून एखादी मोळी घसरली तर ती टाळण्यास अवकाश मिळतो. ट्रॅक्टरवाल्याची अडचणही समजून घ्यावी. पावसाळा नुकताच संपलेला असतो, साइडपट्टीची काळी माती आतून ओली असते, आणि भरलेली ट्रॉली एकदा तीत रुतली की ओढून काढण्यास दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. त्याला जागोजाग बाजूस होणे शक्य नाही. पण जेथे मुरूम टाकलेला आहे, जेथे कठीण जमीन आहे, तेथे तो थांबू शकतो, आणि आपल्या मार्गावर अशा जागा कोठे आहेत हे त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?

साइडपट्टीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. ती मोकळी जागा नव्हे. तेथून शाळेची मुले चालतात, सायकलस्वार जातात, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते. दोन मोटारींच्या सौजन्याची किंमत तिने ओढ्यात उतरून चुकवावी, हा न्याय नव्हे. तेव्हा डांबर सोडण्यापूर्वी वेग उतरवावा. डांबराची कड पावसाने खचून चार-सहा बोटे उंच झालेली असते. वेगात खाली उतरलेले चाक तितक्याच वेगाने वर घेण्यासाठी चक्र जोराने फिरविले की मोटार एकदम रस्त्याच्या पलीकडच्या अंगास झेप घेते. आधी हळू व्हावे, मग उतरावे, आणि पुन्हा वर येताना तर त्याहून हळू.

घाटात नियम निराळा. जेथे दोन वाहने सुखाने एकमेकांजवळून जाऊ शकत नाहीत, तेथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असे कायदा सांगतो. ओझे घेऊन चढणीवर थांबलेल्या मोटारीस पुन्हा हलविणे कठीण, आणि ती मागे घसरण्याचे भयही असते. म्हणजे येथेही मान ओझेवाल्याचाच. आंबोलीत वा चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात धुके असे दाटते की वळण जवळ येईतो दिसत नाही, आणि धबधब्यापाशी मंडळी मोटारी उभ्या करून रस्ता आणखी अरुंद करतात. अशा ठिकाणी मागच्याने वाट मागू नये, आणि पुढच्याने मागणीस भिऊन देऊही नये. पुढे रुंद जागा येईपर्यंत दोघांनीही सबुरी धरावी. उतारावर मालमोटारीच्या मागे तर दुप्पट अंतर ठेवावे. तिचे ब्रेक तापलेले असण्याचा संभव असतो.

रात्रीविषयी थोडेच. मागून प्रखर दिवा रोखून धरल्याने पुढचा चालक दिपतो, आणि दिपलेला माणूस डावीकडे सरण्यास भितो. म्हणजे वाट मागण्याच्या या रीतीने वाट मिळण्याचीच शक्यता कमी होते. मागे असता दिवा मंद ठेवावा. ट्रॉल्यांच्या आणि बैलगाड्यांच्या पाठीमागे परावर्तक पट्ट्या लावण्याचा खर्च फार नाही. नादुरुस्त ट्रॉलीभोवती दगड मांडण्याची रीत चांगली, पण ट्रॉली निघून जाते आणि दगड राहतात. अंधारात मागून येणारा ते चुकविण्यासाठी एकदम उजवीकडे वळतो.

पुढे निघून गेल्यावरही काम संपत नाही. मागे पडलेले वाहन आरशात पुरते दिसल्याखेरीज डावीकडे येऊ नये, आणि आल्याबरोबर ब्रेक दाबू नये. ज्याने वाट दिली त्याच्या मागे उसाचे कित्येक टन ओझे आहे, त्याला आपल्यासारखे थांबता येत नाही. आणि जो बाजूस होऊन थांबला आहे, त्याला पुन्हा डांबरावर चढावयाचे असते. मागे आणखी मोटारी असल्या तर त्याला कोणी आत घेत नाही, तो कडेला ताटकळत उभा राहतो, आणि पुढच्या वेळी बाजूस होण्याचे टाळतो. रांगेतील शेवटच्या मोटारवाल्याने थोडे थांबून त्याला वर येऊ दिले, तर दहा-पंधरा सेकंदांचे काम आहे.