मोटारीला हिव का भरले?

माझा विषय तर्कशास्त्र. मोटारीचे बॉनेट उघडून आत डोकावण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, आणि या हिवाळ्यापर्यंत तशी हौसही नव्हती. पण आमच्या आईला आठवड्यातून दोनदा निफाडहून नाशिकला डायलिसिससाठी न्यावे लागते, आणि घरात गाडी एकच, तीही दहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी.

ही गाडी पहाटेच्या थंडीत एका चावीत सुरू होई. परतताना मात्र औषधांच्या दुकानापाशी दहा मिनिटे थांबवली की रुसून बसे. स्टार्टर मारून मारून बॅटरी दमायची, पेट्रोलचा वास सुटायचा, आणि मग कधीतरी काळा धूर ओकीत इंजिन जागे व्हायचे. मागच्या सीटवर गळून गेलेली आई. ती काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचे.

आम्ही प्लग बदलले. पेट्रोलचा पंप तपासून घेतला. शेवटी एका मिस्त्रींनी, 'हवेचा सेन्सर गेलाय,' असे सांगून तोही नवा बसवला. एकूण साडेचार हजार रुपये गेले आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच दुकानापुढे अडून बसली.

आता हा सेन्सर म्हणजे काय, ते आधी पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. पण हवा थंड असली की दाट असते आणि तापली की विरळ होते. दहा अंशांवरच्या हवेपेक्षा चाळीस अंशांवरची हवा तेवढ्याच जागेत वजनाने जवळजवळ दहा टक्के कमी भरते. म्हणून इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तपमान गाडीच्या संगणकाला कळवायला एक इवलासा पहारेकरी ठेवलेला असतो, एअर फिल्टरच्या डब्यावर किंवा त्याच्या पुढच्या नळीवर. तो सांगेल तितके पेट्रोल संगणक मोजून देतो. हवा गार आहे असे कळले की जास्त, गरम आहे असे कळले की कमी.

या पहारेकऱ्याच्या पोटात थर्मिस्टर नावाचा एक मणी असतो. तांब्याची तार तापली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो, हे आपण शाळेत शिकवतो. हा मणी नेमका उलटा. तो तापला की रोध उतरतो. असा उफराटा स्वभाव मायकेल फॅरेडेने 1833 साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहून ठेवला होता. आमच्या गाडीतल्या सेन्सरचा रोध वीस अंशांवर सुमारे 2,500 ओहम, शून्य अंशावर 6,000च्या आसपास, आणि उणे वीसवर 15,000 ओहम. म्हणजे रोध जितका मोठा, तितकी थंडी जास्त, एवढीच भाषा त्या संगणकाला समजते.

माझे मेहुणे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. रविवारी ते घरी आले होते. सगळी कहाणी ऐकून म्हणाले, "दाजी, सेन्सर बदललात, पण तो काय सांगतोय ते कुणी ऐकलं का?"

मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता!

स्टिअरिंगखाली सोळा छिद्रांची एक खोबण असते. तिच्यात बसवायचा छोटा वाचक यंत्र मेहुण्यांजवळ होता. त्यावरून गाडीचे आकडे मोबाईलवर उमटतात. ते म्हणाले, आज गाडीला हात लावायचा नाही, उद्या पहाटे बघू. यातली युक्ती फार सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिनातले पाणी, आत येणारी हवा आणि ओट्यावरची हवा, या तिघांचे तपमान दोनचार अंशांच्या फरकाने सारखेच असले पाहिजे. पहाटे द्राक्षबागेत लावतो तो उष्णतामापक ओट्यावर टांगला. त्याने 11 दाखवले. इंजिनातले पाणी 12. आणि आत येणारी हवा? उणे 19! निफाडला थंडी कडक पडते खरी, पण गाडीला वाटत होते की आपण लडाखातल्या द्रासला मुक्कामाला आहोत.

मग मेहुण्यांनी चावी बंद करून सेन्सर काढला आणि त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. 3,600 ओहम, म्हणजे त्या तपमानाला अगदी रास्त. मुठीत धरून ऊब दिली तर आकडा भराभर उतरू लागला. मिस्त्रींनी काढून दिलेला जुना सेन्सर गाडीच्या खणात पडून होता, तोही तपासला. तोही निर्दोष! साक्षीदार खरे बोलत होता, आपण त्यालाच बडतर्फ करून दुसरा आणला, आणि निरोप वाटेतच बिघडत होता.

हे पक्के कसे केले, ते ऐका. सेन्सरचा प्लग मोकळा सोडला तर वाट तुटली, रोध अनंत झाला. संगणकाने उणे 40 दाखवले. इथवर ठीक. मग प्लगातली दोन टोके बारीक तारेने एकमेकांना जोडली. आता रोध शून्य व्हावा आणि आकडा शंभराच्याही पुष्कळ वर उडावा. आमच्याकडे तो उणे 14वर थबकला. सेन्सर तर वाटेत नव्हताच! मग हा अकरा-साडेअकरा हजार ओहमचा रोध कुठला? तो प्लग आणि संगणक यांच्या मधल्या वायरीतच असणार.

(एक इशारा. ही तार जोडण्याची युक्ती दोन टोकांच्या स्वतंत्र सेन्सरपुरतीच. पुष्कळ गाड्यांत हवेचा दाब मोजणारा सेन्सरही त्याच घरात असतो आणि टोके चार असतात. तिथे अंदाजाने तार घातली तर शंभराच्या दुरुस्तीची हजारांवर जाईल. बल्बचा टेस्टरही इथे लावू नये.)

बॅटरीची उणे तार सोडली आणि वायरीचा जुडगा हाताने चाचपत गेलो. बॅटरीच्या बैठकीमागे उंदराने आवरण कुरतडले होते. त्यातून पावसाळ्यात पाणी शिरले आणि आतले तांबे हिरवे पडले. वायर तुटलेली नव्हती. तुटली असती तर बरे, संगणकाने लगेच दिवा लावून बोंब मारली असती. ही अर्धमेली वायर पटण्याजोगे खोटे सांगत होती, म्हणून दिवा लागला नाही.

आणि पहाटे सुरू होणारी गाडी दुपारीच का अडायची? पहाटे 11 अंश असताना उणे 19 धरले तर पेट्रोल बाराएक टक्के जास्त जाते. ते खपून जाई. पण तापलेल्या इंजिनावरची हवा पन्नास अंशांची असताना संगणक उणे 15च धरायचा, म्हणजे जवळजवळ सव्वापट पेट्रोल. चालत्या गाडीत धुराड्यातला ऑक्सिजनचा सेन्सर ही चूक सावरून घेतो. सुरू होतानाच्या पहिल्या क्षणांत मात्र तो कामाला लागलेला नसतो.

हिरवा भाग कापून नवा तुकडा झाळला, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळू नका. पुढच्या पावसाळ्यात तीच कथा. पुन्हा आकडे पाहिले: पाणी 14, हवा 14. सामानाचा खर्च साठ रुपये.

गुरुवारी त्याच दुकानापाशी मुद्दाम दहा मिनिटे थांबलो. चावी फिरवली, गाडी सुरू झाली. आई म्हणाली, "औषधं विसरलास ना?" खरोखरच विसरलो होतो.

जुना सेन्सर मेहुण्यांनी शाळेत नेला. त्याची टोके मल्टिमीटरला लावून त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवी कोमट पाण्यात धरायची, दर पाच अंशांना रोध लिहायचा आणि आलेख काढायचा. आठवीची मुले आता हा प्रयोग करतात. आलेखाची रेघ सरळ येत नाही, वाकडी येते, याचे त्यांना फार नवल वाटते.