वाढते वर्धा आणि आपला मोहल्ला
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शहराची वाढ आणि मोहल्ल्याचे जीवन या विषयावर मी बोलावे, अशी चिटणीस साहेबांची आज्ञा आहे. शहरे कशी बांधावीत हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी शिक्षक आहे. वर्गात रोज हजेरी घेणाऱ्या माणसाला शहराची वाढ जशी दिसते, तशी ती आपणापुढे मांडतो.

आपले वर्धा हे ठरवून वसवलेले शहर आहे. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला. १८६६ मध्ये पालकवाडी या गावाच्या जागी जिल्ह्याचे नवे ठिकाण आखले गेले. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७४ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. रेल्वे आणि कापूस यांच्या आधाराने गाव वाढले. इतवारा, पुलफैल, स्टेशनफैल, तारफैल ही नावे उच्चारली की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे घरे नव्हे, माणसे उभी राहतात.

नंतरच्या काळात वाढीचे कारण बदलले. १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे दुसरे आले, १९९७ मध्ये हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. शिक्षक, परिचारिका, कर्मचारी, विद्यार्थी आले. त्यांना घरे हवी होती आणि जुन्या शहरात जागा नव्हती. ती मिळाली पिपरी, सिंदी, बोरगाव, नालवाडी, म्हसाळा या शेजारच्या गावांच्या शेतांत. कालची पऱ्हाटीची वावरे आज नगर आणि कॉलनी झाली.

आता जनगणनेचे आकडे पाहा. वर्धा नगरपालिकेच्या हद्दीत २००१ मध्ये सुमारे १ लाख ११ हजार लोक होते. २०११ मध्ये ते सुमारे १ लाख ६ हजार झाले. शहर डोळ्यांदेखत पसरत असताना त्याची लोकसंख्या घटली कशी? उत्तर सोपे आहे. शहर आपल्या हद्दीबाहेर वाढत होते. आपल्यातले अनेकजण आज ज्याला वर्धा म्हणतात, ते कागदोपत्री ग्रामपंचायतीचे गाव आहे. राहणी शहराची, गरजा शहराच्या आणि कारभार मात्र गावाचा. नळ, नाली, दिवाबत्ती, रस्ता यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

स्वतःचे घर ही प्रत्येक कुटुंबाची रास्त इच्छा आहे. दोन खोल्यांत तीन भावांचे संसार मावत नाहीत. तेव्हा जुना मोहल्ला सोडून प्लॉट घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु मोहल्ला आपल्यासाठी काही कामे फुकट करीत होता, हे आपण तो सोडेपर्यंत ओळखत नाही. मुलगा शाळेच्या वेळेत चौकात दिसला, तर पानवाले चाचा त्याला विचारत. आई दवाखान्यात असली, तर समोरच्या खालाजान मुलांना जेवू घालीत. कोणाच्या मुलीचे पुस्तक कोणाच्या धाकट्या बहिणीला गेले, हे सर्वांना ठाऊक असे. नव्या ले-आउटमध्ये कुंपणाची भिंत आहे, फाटक आहे. ही पाखर नाही. त्याची किंमत घरातील सर्वांत दुबळा सदस्य चुकवतो. आणि बहुधा ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असते.

हे मी हजेरीपटावरून बोलतो. सक्तीच्या शिक्षणाच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. आठवीनंतर अशी हमी नाही. त्यातून मुलीचे माध्यम उर्दू असेल, तर तिची शाळा बहुधा जुन्या वस्तीतच असते. घर तीन-चार किलोमीटर दूर गेले की पायी येणारी मुलगी ऑटोवर अवलंबून राहते. ऑटोचे पैसे एखाद्या महिन्यात जमत नाहीत. हिवाळ्यात जादा तास संपेपर्यंत अंधार पडतो आणि ले-आउटच्या रस्त्यावर दिवे नसतात. प्रथम एक दिवस गैरहजर, मग आठवडा. नंतर वडील येऊन सांगतात, "सर, आता घरीच बसवतो, दहावीला बाहेरून बसेल." या वाक्यामागे वडिलांचा मागासपणा शोधण्यापूर्वी तो रस्ता एकदा संध्याकाळी चालून पाहावा.

अशाच एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. नाव सांगण्याची गरज नाही. हिचे वडील मिस्त्री. नव्या घरात आल्यावर दुसऱ्या सत्रात तिचे येणे थांबत आले. मी घरी गेलो तेव्हा कळले की त्याच ओळीत, चार घरे सोडून, दुसऱ्या शाळेची नववीची एक मुलगी राहते आणि पलीकडच्या गल्लीत तिसरी. तिन्ही घरे वर्षभरापासून तेथे होती. एकमेकांची ओळख नव्हती. एक घर आमचे, एक कुणब्याचे, एक बौद्धांचे. तिघींच्या आयांना एका ओट्यावर बसवायला एक रविवार पुरला. ऑटो एकच ठरला, भाडे तिघांत वाटले गेले आणि परतताना कोण घ्यायला जाणार याची पाळी ठरली. तिन्ही मुली दहावीला बसल्या. यासाठी सरकारी योजना लागली नाही. फक्त शेजार लागला.

शेजाऱ्याचा हक्क आपल्याला नवा नाही. कुरआनात नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही चांगले वागण्याची आज्ञा आहे. जुन्या मोहल्ल्यात बहुतेक शेजारी नात्यातले किंवा ओळखीचे असत. त्या आज्ञेच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची खरी कसोटी नव्या वस्तीत लागते.

आता पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, प्लॉट घेताना. भाव आणि दिशा आपण पाहतो. सातबारा, अकृषक परवानगीचा आदेश आणि मंजूर नकाशाही पाहा. नुसत्या स्टँपपेपरवर घेतलेली गुंठेवारीची जागा पुढे फार मनस्ताप देते. अशा जागा नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवली. पण दंड आणि विकासशुल्क शेवटी घेणाऱ्याच्याच खिशातून जाते. आणि नकाशात आणखी एक चौकोन शोधा: खुली जागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आउटमध्ये साधारणतः १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती आपल्या मुलांच्या खेळाची जागा आहे. लक्ष ठेवले नाही, तर तेथे प्रथम कचरा येतो आणि मग अतिक्रमण.

दुसरी, आपले नाव. अनेक कुटुंबे पाच-सात वर्षांपासून ग्रामपंचायतीत राहतात, पण मतदार यादीत नाव अजून जुन्या वॉर्डात आहे. लग्नकार्याच्या निमित्ताने जुन्या ठिकाणाशी संबंध ठेवणे चांगले. मत मात्र जेथे राहतो तेथेच हवे. ग्रामसभेचा सदस्य होण्यासाठी त्या गावच्या यादीत नाव लागते. नाव नसेल, तर दिव्याचा खांब मागण्याचा आपला आवाज तेथे मोजलाच जात नाही.

तिसरी, ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभाही घ्यायची असते. शहरातील नागरिकाला अशी सोय नाही. राज्यघटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. म्हणजे सरपंचाला समोरासमोर प्रश्न विचारण्याचा जो अधिकार पिपरी-सिंदीच्या रहिवाशाला आहे, तो वर्ध्याच्या चौकात राहणाऱ्याला नाही. आपण तो वापरत नाही, कारण आपण स्वतःला शहरवासी समजतो! माझ्या भगिनींना माझी विशेष विनंती आहे. महिला सभेला चौघीजणी मिळून जा आणि एकच मागणी लेखी द्या: शाळेच्या रस्त्यावर दिवे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे काम तुमचे आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी आपल्याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी तिने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. मुलाचे शिक्षण हाताच्या कामाशी आणि भोवतालच्या निसर्गाशी व समाजाशी जोडलेले असावे, हे त्या योजनेचे सूत्र होते. येत्या सुट्टीत ते आपण आचरणात आणू. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या ले-आउटचा नकाशा काढावा. दिवे कोठे आहेत, नाली कोठे तुंबते, खुली जागा कोणती, आणि दहावीपर्यंतची किती मुले-मुली कोणत्या घरी राहतात, हे त्यात दाखवावे. धर्म, जात, भाषा विचारू नका. फक्त शाळा आणि जाण्या-येण्याची वेळ विचारा. हा नकाशा पालकांनी ग्रामसभेत मांडावा. एक प्रत माझ्याकडे द्या. सत्राच्या आरंभी कोणाचा ऑटो कोणाबरोबर जुळतो, ते आपण सर्व मिळून बसवू.

घर बांधायला एक-दोन वर्षे लागतात. मोहल्ला घडायला त्याहून अधिक काळ लागतो, आणि त्याचा कंत्राटदार बाजारात मिळत नाही. मात्र आपली मुलगी नववीत असेल, तर तेवढी वर्षे थांबायला तिला सवड नाही. म्हणून येत्या रविवारी उजव्या आणि डाव्या हाताच्या दोन दोन घरांची ओळख करून घ्या, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.