एका चिठ्ठीचे उत्तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी आज ‘बाळाची वाढ’ या विषयावर बोलणार होते. पण प्रश्नपेटीत एक बिननावाची चिठ्ठी निघाली, तिचे उत्तर आधी देते. “सुनेला मूल झाले. मुलगा की मुलगी, हे सुईणीला सांगता येईना. ग्रहण पाळले नाही, त्याचे हे फळ काय?”

नाही हो बाई. ग्रहणाचा येथे काडीचा संबंध नाही, आणि सुनेचा दोषही नाही.

गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा भिंगाखाली धरला तरी अवयवांवरून मुलगा-मुलगी ओळखू येत नाही. दोघांचे भांडवल एकच: बाहेर एक उंचवटा नि दोन्ही अंगांना घड्या, आत बीजग्रंथी आणि नळ्यांच्या दोन जोड्या. ‘वाय’ गुणसूत्रावर एक जनुक असते. ते 1990 साली सापडले. ते असले की त्याच ग्रंथींची वृषणे होतात. एरवी, दुसऱ्या जनुकांच्या कामाने, बीजकोश. वृषणांतल्या रसामुळे उंचवट्याचे शिश्न होते; मुलीत त्याचीच शिश्निका होते. मुलीचे मोठे भगोष्ठ ज्या घड्यांचे होतात, त्याच मुलात मध्ये जुळून अंडकोशाची पिशवी बनते. लंगोट बदलताना तिच्यावर मधोमध रेघ दिसते ना? ती या जुळणीची शिवण! आणि गर्भाशय ज्या नळ्यांपासून होते, त्यांचा बारीकसा अवशेष पुष्कळ पुरुषांच्या वृषणाला चिकटलेला असतो. अशा जोड्यांना शास्त्रात समजात अवयव म्हणतात. (आमचे प्राध्यापक हा भाग फळ्याकडे तोंड करूनच शिकवीत!)

एकाच घडीला दोन वाटा असताना एखादे मूल मधल्याच वळणावर दिसले, तर नवल कसले? मात्र स्वस्थ बसू नये. कधी मुलीच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींत जन्मतः दोष असतो. त्यामुळे पुरुषी रस जास्त होऊन अवयव मुलासारखे दिसतात, आणि पुष्कळदा अंगातले मीठ लघवीवाटे निघून जाते. असे बाळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दूध ओकू लागते, मलूल पडते, आणि जिवावर बेतते. रक्त तपासून वेळीच औषध सुरू केले, तर तेच बाळ छान वाढते. औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते. तेव्हा बारशाची घाई नको, तपासणीची करा. शेजारणींपासून बाळ लपवण्यात दिवस घालवू नका.

चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंनी चारचौघींत पुढे यायला नको. कार्यक्रम आटोपल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे. बाळ किती दिवसांचे आहे, एवढे मात्र मला आजच सांगून जा.